दोन पातेली गळाली

आमच्या घरात सरळ 'नाही' म्हणायची पद्धत नाही. नकार मिळतो, भरपूर मिळतो, पण तो झाशीमार्गे येतो. टीव्हीचा रिमोट मागा, एसटीतली खिडकीजवळची जागा मागा, श्रीखंडाच्या डब्याच्या कडेला उरलेलं शेवटचं बोट मागा, समोरचा मान ताठ करून सांगणार, "मी माझी झाशी देणार नाही!" लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने मिसळणाच्या डब्याला हात घातला, तेव्हा आजीने तो डबा शांतपणे स्वतःकडे ओढून घेत हेच वाक्य म्हटलं होतं. हसत म्हटलं होतं, पण डबा ओढला होता. आई म्हणते, डलहौसीला काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

या वाक्यांची आपल्याला इतकी सवय झालेली असते की ती कुणीतरी, कधीतरी, काहीतरी पणाला लावून बोललेली आहेत हे डोक्यातून निघूनच जातं. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. त्याच्या आदल्या दिवशी घेतलेलं दत्तक कंपनी सरकारने मान्य केलं नाही, आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणीचं ते वाक्य तेव्हाचं. आणि पुढे काय झालं? झाशी द्यावी लागली. पेन्शन घ्या आणि किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहा, असा हुकूम झाला. राज्य हाती आलं ते सत्तावन्नच्या धामधुमीत, तेही थोड्याच महिन्यांसाठी. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लढता लढता गेली. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत पाठीला बाहुली बांधून पुठ्ठ्याची तलवार उगारणाऱ्या मुली हे वाक्य ज्या विजयी आवाजात म्हणतात, तो आवाज या हकिकतीत कुठेच बसत नाही. माझी भाची तर ते म्हणून झाल्यावर स्टेजवरून उतरायलाच तयार नव्हती. बाईंनी हात धरल्यावर तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी मनापासून.

बाबांचं वाक्य वेगळं. ते कोंढाण्याचे. गॅलरीतला नळ गळतोय, गिरणीतून दळण आणायचंय, बँकेत केवायसीचे कागद द्यायचेत, आईने काहीही सांगितलं तरी बाबा पेपरातल्या शब्दकोड्यावरून नजर न हलवता म्हणतात, "आधी लगीन कोंढाण्याचं." तानाजीने पोराचं लग्न बाजूला ठेवून मोहिमेचा विडा उचलला. आमच्याकडे मोहीम बाजूला ठेवून आडवे शब्द सोडवले जातात. पुष्कळ वर्षं आई यावर फणकारून निघून जायची. मग एकदा तिने जाता जाता सांगितलं, "रायबाच्या लग्नाला तानाजी नव्हता, एवढं लक्षात असू दे." बाबांनी पेन खाली ठेवलं. नळ त्या दिवशी दुरुस्त झाला.

पण आमच्या घराण्यातला या कलेतला सगळ्यात मोठा प्रयोग आत्याच्या नावावर आहे. चुलतभावाची मुंज होती, गावच्या घरी. कार्य म्हटलं की भांडी घरोघरची गोळा होतात. आमची, शेजारच्यांची, काकूच्या माहेरून आलेली, काही देवळातली. म्हणूनच प्रत्येक वाटीच्या बुडाला नावं घातलेली असतात, आणि रात्री पाहुणे पांगले की मागच्या पडवीत पिवळ्या दिव्याखाली बायका भांडी उपडी घालून ती नावं वाचत बसतात. कुणाचं ताट कुणाच्या चळतीत गेलंय, डावाला डाव लागतोय का, तांब्याचे पेले किती. आत्या वहीत खुणा करत होती. मोजदाद तिसऱ्यांदा झाली तरी मेळ बसेना. काकूच्या माहेरची दोन मोठी पातेली गायब. काकू एव्हाना रडकुंडीला आलेली, कारण ती पातेली तिच्या आईची होती आणि भावजयीला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न होता. सगळ्या गप्प. आत्याने वही मिटली, चष्मा काढला, आणि दरबारात खलिता वाचावा तशा आवाजात सांगितलं, "दोन पातेली गळाली, सत्तावीस वाट्या हरपल्या, आणि चमच्यांचा खुर्दा किती गेला याची गणतीच नाही."

पडवी हसली. काकूसुद्धा हसली, पदराने डोळे पुसता पुसता.

मूळ चिठ्ठी शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले, त्यांना अजून पक्की खबर नाही. वाटेत एका सावकारी जासुदाकडची चिठ्ठी हाती आली. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकीची माणसं, हजारोंनी मेलेली. भाऊ आणि पोरगा गेल्याचं पेशव्यांना असं कळलं, हिशेबाच्या भाषेत. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले.

मला विचाराल तर मराठीत दुःखाबद्दल याहून भेदक वाक्यं फार थोडी असतील. आणि ते कुणा कवीचं नाही, पेढीवरच्या माणसाचं आहे. त्याला धंद्याची खबर धंद्याच्या गुप्त बोलीत पाठवायची होती, एवढंच. त्यात ऊर बडवणं नाही, दैवाला बोल लावणं नाही, फक्त जमाखर्च. कदाचित म्हणूनच ते पडवीत चाललं. ज्या वाक्यात आधीच रडं घालून ठेवलेलं असतं, ते भांड्यांवर बसत नाही.

(पातेली दोन दिवसांनी सापडली. आचाऱ्याच्या टेम्पोत गेली होती. आत्याचं म्हणणं, हा तोतया आहे, खरी पातेली पानिपतावरच पडली. भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिलेला तोतया आणि त्याचं बंड तिला पाठ होतं.)

त्या मुंजीनंतर मी घरात कोण काय म्हणतं याकडे जरा कान देऊ लागले. मग ध्यानात आलं की आपण जिंकलेल्या माणसांची वाक्यं बोलतच नाही. झाशी गेली. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर पडला. गड आला तेव्हा सिंह गेला होता. बाजीप्रभू खिंडीत. आमच्याकडे सुरमईची शेवटची तुकडी वडीलधाऱ्यांच्या ताटात जाते ती 'लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे' या बाजीप्रभूच्या नावाने चालणाऱ्या वाक्यावर. पोशिंदा सुखरूप विशाळगडावर पोचला, बोलणारा मागे राहिला. टिळकांचं 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' आमच्याकडे दुपारच्या चहासाठी वापरतात, तेही बाकीचं वाक्य गाळून, कारण 'तो मी मिळवणारच' म्हटल्यावर स्वतः उठून आधण ठेवावं लागतं. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. हक्क मिळाला तो आणखी सत्तावीस वर्षांनी. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या नव्या नियमावर कुणीतरी हमखास विचारतो, 'कमिटीचं डोकं ठिकाणावर आहे काय?' तेव्हा कुणालाच आठवत नाही की १८९७ मध्ये 'केसरी'तून हा सवाल सरकारला टाकणाऱ्या संपादकाला त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली होती.

मग जिंकणाऱ्यांचं काय? थोरल्या बाजीरावाचं बघा. एकही लढाई न हरलेला सेनापती अशी त्याची ख्याती. शाहू महाराजांच्या दरबारात त्याने बोललेलं म्हणून एक वाक्य सांगतात: बुंध्यावर घाव घातला की फांद्या आपोआप गळून पडतील. किती कामाचं वाक्य! पण मी ते आजतागायत कुणाच्या घरात ऐकलेलं नाही. घरात बाजीरावाचं फक्त नाव उरलं, आणि तेही कशाला, तर 'मोठा लागून गेला बाजीराव!' असं म्हणून पोराला जेवणाचं ताट उचलायला लावायला. विजयांचे आपण वाक्प्रचार केले. अटकेपार झेंडा लावणं झालं, शत्रूला पाण्यात संताजी-धनाजी दिसणं झालं. पण वाक्प्रचाराला बोलणारं तोंड नसतं. झेंडा लावताना कोण काय बोललं कुणाला माहीत नाही, आणि कुणाला त्याची उत्सुकताही नाही.

कारण अगदी साधं असावं. जिंकलेल्या माणसाच्या वाक्याला रोजच्या दिवसात शिरायला जागाच नाही. आपण दिवसभरात जिंकतो ते काय? आणि समजा जिंकलोच, लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, तर तेव्हा बोलायला तोंड उघडत नाही, पाय आवरून बसायचं असतं. वाक्य लागतं ते आठ-बाराची फास्ट डोळ्यांदेखत सुटली की.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. कढीपत्ता. आमच्या सोसायटीच्या बागेत कढीपत्त्याचं झाड आहे आणि त्याला हात लावायचा नाही अशी पाटी आहे. समोरच्या आजोबांनी एकदा मला टाचा उंचावून डहाळी ओढताना पाहिलं आणि वरून हाक दिली, "भाजीच्या देठासही हात लावू नये, असा हुकूम आहे!" हे वाक्य विजेत्याचंच. छत्रपती झाल्यावर दोन वर्षांनी, १६७६ मध्ये, शिवाजी महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, पत्र लिहिलं, त्यात रयतेच्या भाजीच्या देठालाही मन लावू नको अशी ताकीद आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या राजाच्या पत्रांतून आमच्या गल्लीपर्यंत जे पोचलं ते भाजीबद्दलचं. मला यात काही वावगं वाटत नाही. उलट ज्या राजाला भाजीचा देठ सुचतो तोच असा गल्लीपर्यंत पोचतो.

या पत्राचं आणखी एक वेगळेपण म्हणजे ते कागदावर आहे. बाकीच्या वाक्यांचं तसं नाही, आणि हे ठणकावून सांगायला आमच्याकडे एक काका आहेत. कुणी 'गड आला पण सिंह गेला' म्हटलं की ते हातातली पोळी खाली ठेवतात. सभासदाच्या बखरीत, म्हणजे १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या मजकुरात, महाराज म्हणतात ते 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला' असं आहे. सिंह नाही. आणि कोंढाण्याला सिंहगड म्हटल्याचे कागद तानाजीच्या आधीचे आहेत. 'आधी लगीन' हे तर पोवाड्यातून आलेलं, तिथे बसून कुणी टिपून घेतलं नव्हतं. काकांचं सगळं बरोबर असतं. पोळी गार होते.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण मला त्यांच्या बखरीतलं वाक्य खरोखरच जास्त आवडतं. 'एक गड घेतला, एक गड गेला.' सिंहाची उपमा नाही, माणूस हाच गड. तरी घरात म्हणायला ते चालत नाही, हेही खरं. नव्या घराची किल्ली हातात आली आणि त्याच महिन्यात गावची जमीन विकावी लागली, तेव्हा माझा भाऊ फोनवर म्हणाला ते 'गड आला पण...' एवढंच. पुढचं मी मनात पुरं केलं. जे वाक्य अर्धं बोलून भागतं तेच टिकतं, मग ते बखरकाराचं असो, शाहिराचं असो, नाहीतर चौथीच्या पुस्तकाचं. परदेशातही हेच झालेलं दिसतं. रमीत मेहुण्याने जोकर उचलला की 'यू टू, ब्रूटस?' म्हणणारे लोक सीझरला नव्हे, इंग्रज नाटककाराला स्मरत असतात. सीझर त्या वेळी काय बोलला याबद्दल जुन्या रोमन इतिहासकारांतच मतभेद आहेत. पण बघा, तेही मरणाऱ्याचंच.

एक वाक्य मात्र असं आहे की ते कानावर आलं की मला हसू येत नाही. 'काका, मला वाचवा.' ते तर पोरांच्या अंघोळीपासून ते गणिताच्या पेपरापर्यंत कुठेही चालतं. खरे काका जवळ असतील तर बघायलाच नको. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. गारदी तलवारी घेऊन मागे लागलेले, आणि नारायणराव पळत येऊन रघुनाथरावांच्या कमरेला मिठी घालतो. पेशवा म्हणतो आपण, पण तो अठरा वर्षांचा होता. आमच्या शेजारच्या बारावीतल्या मुलाएवढा. पुढे 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट आली, तिचा आळ आनंदीबाईवर आला, पक्का पुरावा कुणाकडे नाही, आणि रामशास्त्र्यांचं देहान्त प्रायश्चित्तही आपण गृहपाठ न केलेल्या पोरांना सुनावून सुनावून बोथट करून टाकलं. आणि हे काका कोण? तर १७५८ मध्ये ज्यांच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या तेच राघोबादादा. झेंड्याचा वाक्प्रचार आणि ही किंकाळी, दोन्हींच्या मागे एकच माणूस उभा आहे. मी पोरांना टोकत नाही. टोकलं तर ती जास्त म्हणतील. पण पुण्यात वाड्यावरून जाताना कुणी ते आवाज काढून म्हटलं, आणि हमखास कुणीतरी म्हणतंच, तर मी दुसरीकडे बघते.

मिरवणुका, फ्लेक्स आणि फॉरवर्ड केलेले सुविचार यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. तिथे वाक्य कुणाचंही असतं आणि फोटो कुणाचाही. स्टेजवर ही वाक्यं म्हणणाऱ्याला खरंच वाटत असतं की आपण तानाजी आहोत. घरात म्हणणाऱ्याला आपण कोण नाही ते नेमकं ठाऊक असतं. गंमत तिथेच आहे.

मात्र ऑफिसबद्दल बोललं पाहिजे, कारण तिथे मी चिडले होते. मी तेव्हा जिथे नोकरी करत होते तिथे वर्षाचं टार्गेट हुकलं. इन्क्रिमेंट नाही, दोन सहकाऱ्यांना घरी पाठवलेलं. आणि वरचे साहेब मीटिंगमध्ये स्लाइड लावून म्हणतात काय, "बचेंगे तो और भी लडेंगे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

ते वाक्य तसं म्हणायचं नसतं. १० जानेवारी १७६०, यमुनेचा काठ, दिल्लीजवळचा बुराडी घाट. कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातला दत्ताजी शिंदे गोळी लागून पडलाय. नजीबखानाकडचा कुतुबशहा त्याच्यापाशी येतो आणि बखर सांगते तसं कुत्सितपणे विचारतो, क्यों पटेल, और लडोगे? त्यावर दत्ताजीचं हे उत्तर. आणि मग कुतुबशहा त्याचं मस्तक कापून घेतो. म्हणजे या वाक्याला एक अट आहे. ते जमिनीवर पडलेल्याने बोलायचं असतं. गाडी सुटलेल्याने म्हणावं, सीएची परीक्षा पुन्हा हुकलेल्याने म्हणावं, केमोची पुढची तारीख घेऊन आलेल्या बाईने म्हणावं. माझ्या मैत्रिणीने म्हटलं होतं, आणि त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं. पण ज्याच्या हातात यादी आहे, कोण राहणार आणि कोण जाणार हे जो ठरवतो, त्याने ते म्हटलं की ते कुतुबशहाच्या तोंडी गेलं. त्याच्या वाट्याला त्या प्रसंगात फक्त प्रश्न आहे.

बाबांनी ते नीट म्हटलं. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. स्ट्रेचरवरून आत नेताना भूल देणारे डॉक्टर शेजारून चालत होते, उत्तरेकडचे, तरुण, चेहऱ्यावर मास्क. त्यांनी विचारलं, "अंकल, टेन्शन तो नहीं ना?" बाबा आढ्याकडे बघत म्हणाले, "बचेंगे तो और भी लडेंगे." डॉक्टर थबकले. "किससे लडेंगे?" बाबांनी सलाइन लावलेला हात शक्य तितका उचलून आईकडे दाखवलं. आईने तो परत चादरीत घातला आणि म्हणाली, बडबड पुरे.

चौथ्या दिवशी वॉर्डात तेच डॉक्टर राउंडला आले आणि त्यांनी विचारलं, वो डायलॉग कौन सी पिक्चर का था? झालं. बाबांना बोलताना धाप लागत होती तरी त्यांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत अब्दाली, नजीब, यमुनेतली लव्हाळी, जनकोजी, सगळं उभं केलं. नर्स ब्लडप्रेशर घेत होती, तिने दोनदा गप्प बसायला सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "बुराडी? अंकल, बुराडी में तो मेरे मामा रहते हैं."

बाबा उशीवरून अर्धे उठले. घाट अजून आहे का, तिथे काही खूण, दगड, काही दिसतं का?

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "पता नहीं अंकल," ते म्हणाले, "ट्रैफिक बहुत है."